दोनदा जळून उभी राहिलेली

लंडनच्या उत्तरेला एका टेकडीवर ती दीडशे वर्षं ठाण मांडून बसली आहे. कागदोपत्री नाव अलेक्झांड्रा पॅलेस. इंग्लंडच्या युवराजाची पत्नी म्हणून डेन्मार्कहून आलेल्या अलेक्झांड्राचं नाव तिला दिलं गेलं. पण त्या नावानं तिला फारसं कुणी ओळखत नाही. लंडनकर तिला अ‍ॅली पॅली म्हणतात. नावात राजवाडा असला तरी तिथे एकही राजा कधी राहिला नाही. ती बांधली गेली ती आठवडाभर राबणाऱ्या माणसांना सुट्टीचा एक दिवस मोकळ्या हवेत घालवता यावा म्हणून.

दिसायला ती भारदस्त आहे. पिवळसर विटांचं लांबच लांब अंग, दर्शनी भिंतीत भलीमोठी गोल खिडकी आणि आग्नेयेच्या मनोऱ्यावर आकाशात घुसलेला लोखंडी सांगाडा. इमारतीनं जागा अडवली आहे सुमारे 7 एकर. भोवतीचं उद्यान 196 एकर. समोरच्या कठड्यापाशी उभं राहिलं की सगळं लंडन पायथ्याशी पसरलेलं दिसतं. तिच्या अंगणात यायला तिकीट लागत नाही. कुत्रं फिरवायला आलेली म्हातारी माणसं, बाबागाड्या ढकलणाऱ्या आया, चढावर धाप लागेपर्यंत धावणारी पोरं, सगळ्यांना तिचं दार सारखंच उघडं असतं.

डिसेंबरच्या मध्यापासून मात्र तिचा नूर पालटतो. तिच्या एका सभागृहात डार्ट्सची, म्हणजे बोर्डावर छोटे टोकदार बाण फेकण्याच्या खेळाची, जागतिक अजिंक्यपद स्पर्धा भरते आणि ती जानेवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत चालते. लांबलचक टेबलं मांडलेली असतात, बाकांवर तीन हजारांहून जास्त माणसं दाटीवाटीनं बसलेली असतात. कुणी केळं होऊन आलेलं असतं, कुणी सांताक्लॉज, कुणी जिराफ. खेळाडू आपापल्या आवडीच्या गाण्यावर गर्दीतून वाट काढत मंचावर येतो. एवढा सगळा सोहळा ज्याच्यासाठी, तो बोर्ड असतो जेमतेम 45 सेंटिमीटर रुंदीचा. मागच्या बाकावरून तो नखाएवढाही दिसत नाही, म्हणून मोठे पडदे लावतात. मंचावरचे दिवे इतके प्रखर असतात की ऐन थंडीत कुठूनतरी एखादी गांधीलमाशी येते आणि नेम धरलेल्या खेळाडूच्या मानेभोवती घिरट्या घालते. दरवर्षी तीच माशी येते असं प्रेक्षक मानतात. तिलाही आता त्या स्पर्धेतली मानकरी समजतात.

हा बोर्ड जवळून पाहावा असा आहे. तो लाकडाचा नसतो. घायपाताच्या कुळातल्या सिसल नावाच्या झाडाच्या पानांपासून वाख काढतात, त्याच्या जुड्या उभ्या रचतात, प्रचंड दाबाखाली घट्ट आवळतात आणि वरून तासून सपाट करतात. आपल्याकडे बांधाबांधावर घायपात लावलं गेलं आणि त्याच्या वाखाचे दोर वळले गेले. त्याच जातीचा वाख इथे खेळाच्या कामी येतो. डार्टचं टोक तंतूंना भोसकत नाही, तंतूंच्या मधून वाट काढून रुतून बसतं. डार्ट उपसला की तंतू पुन्हा एकमेकांना भिडतात आणि भोक बुजतं. 1930च्या दशकात इंग्लंडमध्ये असे बोर्ड बनू लागले आणि हा खेळ घरोघर, गुत्त्यागुत्त्यांत पोचला.

बोर्डावरच्या आकड्यांची मांडणीही कसोटी पाहणारी आहे. सगळ्यात मोठा आकडा 20 आणि त्याच्या एका अंगाला 1, दुसऱ्या अंगाला 5. हाव धरून 20वर नेम धरला आणि हात किंचित हलला की पदरात एक किंवा पाच पडतात. बोर्डाचा मध्य जमिनीपासून 1.73 मीटरवर आणि खेळाडू उभा 2.37 मीटरवर. एका वेळी हातात तीन डार्ट. तिन्ही ट्रिपल वीसच्या, म्हणजे वीसचे तिप्पट गुण देणाऱ्या, चिंचोळ्या पट्टीत बसले तर 180, याहून जास्त एका फेरीत कुणालाच मिळत नाहीत. पंच घसा ताणून 'वन हंड्रेड अँड एटी' पुकारतो आणि सगळं सभागृह बाकांवर उभं राहतं. 501पासून उलटं मोजत शून्यावर यायचं आणि शेवटचा डार्ट दुप्पट गुण देणाऱ्या डबलच्या कड्यात किंवा बोर्डाच्या नेमक्या मध्यावर बसला पाहिजे. ते कडं फक्त 8 मिलिमीटर रुंद. तीनशे गुण धडाधड उडवणारे भलेभले त्या 8 मिलिमीटरपाशी घाम पुसत उभे राहिलेले दिसतात.

मी राहतो उरण तालुक्यातल्या जासईला. लंडनमध्ये संध्याकाळचे सात वाजतात तेव्हा आमच्याकडे रात्रीचे साडेबारा झालेले असतात. बंदराकडे जाणारे ट्रेलर त्या वेळीही थांबलेले नसतात. दुसऱ्या पाळीहून परतलेली दोन-तीन पोरं मोबाईल मध्ये ठेवून हे सामने बघताना मी पाहिली आहेत. डार्ट हातात धरलेला त्यांच्यातला कुणी नाही. पण नेम म्हणजे काय, ते कॅरम खेळणाऱ्याला सांगावं लागत नाही. डिसेंबर 2025मध्ये त्याच मंचावर भारताच्या नितीन कुमारनं नेदरलँड्सच्या रिचर्ड व्हीनस्ट्राला हरवलं. या स्पर्धेत भारतीय खेळाडूनं जिंकलेला तो पहिला सामना. त्या विजयामुळे अ‍ॅली पॅली आमच्यासाठीही थोडी जवळची झाली.

पण मला तिच्याविषयी माया वाटते ती तिच्या आयुष्यामुळे. ते आयुष्य सोपं गेलेलं नाही.

तिचा जन्म 24 मे 1873चा, राणी व्हिक्टोरियाच्या वाढदिवसाचा मुहूर्त साधून. त्याच वर्षी सप्टेंबरात जोतीराव फुल्यांनी पुण्यात सत्यशोधक समाज स्थापन केला. लंडनमध्ये 1862 साली मोठं औद्योगिक प्रदर्शन भरलं होतं. त्याची इमारत उतरवल्यावर निघालेलं सामान हिच्या बांधकामात वापरलं. उद्घाटनाला लोटलेली गर्दी ओसरायच्या आत, सोळाव्या दिवशी, घुमटाच्या दुरुस्तीचं काम चालू असताना आग लागली. तीन कर्मचारी मेले. मौल्यवान चिनीमातीच्या हजारो वस्तू तिथे मांडलेल्या होत्या, त्यांची राख झाली. बारसं झालं आणि पंधरवड्यात सरण पेटलं, असा तो प्रकार. मालकांनी मात्र हाय खाल्ली नाही. दोन वर्षंही लागली नाहीत, 1 मे 1875ला ती पुन्हा उभी राहिली. या वेळी कोपऱ्यांत पाण्याचे मनोरे बांधले होते.

1875 हेच बॉम्बे जिमखान्याच्या स्थापनेचंही साल. मुंबईच्या ऐन मोक्याच्या मैदानावर तो जिमखाना उभा राहिला आणि त्याचं सभासदत्व फक्त युरोपियनांसाठी होतं. आपल्या माणसांना मग आपापले जिमखाने काढावे लागले. पारशी, मुस्लिम, हिंदू, एकेका समाजाचा वेगळा. त्याच साहेबाच्या देशात त्याच वर्षी उघडलेल्या अ‍ॅली पॅलीत मात्र तिकीट काढणाऱ्या कुणालाही आत जाता येत होतं. आत संगीतसभा, नाटकघर, मोठा ऑर्गन, वाचनाची खोली, बाहेर घोड्यांची शर्यत. एकच राज्य, पण खेळायची जागा कुणाची याचं उत्तर दोन ठिकाणी दोन.

तिकिटाच्या पैशावर एवढा पसारा चालत नव्हता. कंपन्या आल्या, बुडाल्या, गाशा गुंडाळून गेल्या. शतक संपता संपता अशी वेळ आली की टेकडीचे तुकडे पाडून त्यांवर घरं बांधावीत, असा विचार जोर धरू लागला. लंडन झपाट्यानं वाढत होतं, जमिनीला भाव होता. तेव्हा आजूबाजूच्या नगरपालिका आणि स्थानिक मंडळी एकत्र आली, पैसे उभे केले आणि 1900 साली ब्रिटिश संसदेनं तिच्यासाठी स्वतंत्र कायदा केला. हे उद्यान आणि ही इमारत लोकांच्या मोफत वापरासाठी आणि करमणुकीसाठी कायम राखायची, असं त्या कायद्यानं विश्वस्तांवर बंधन घातलं. आपल्या भाषेत सांगायचं तर तिच्या सातबाऱ्यावर लोकांचं नाव चढलं. तिच्या आयुष्यातला माझ्या लेखी सगळ्यात मोठा दिवस तोच.

पुढे तिनं काय काय पाहिलं! पहिल्या महायुद्धात आधी बेल्जियममधून जीव वाचवून आलेले निर्वासित तिच्या सभागृहांत राहिले. मग ते गेले आणि तिच्याभोवती काटेरी तारा लागल्या. वर्षानुवर्षं लंडनमध्ये न्हाव्याचं, वाढप्याचं, पाव भाजण्याचं काम करणाऱ्या जर्मन आणि ऑस्ट्रियन माणसांना केवळ ती शत्रुराष्ट्राची म्हणून तिथे कोंडलं गेलं. एका वेळी सुमारे तीन हजार माणसं. करमणुकीच्या जागेचा तुरुंग झाला. हा डाग तिच्यावर आहे आणि तो पुसायला नको.

2 नोव्हेंबर 1936ला बीबीसीनं तिच्या पूर्वेच्या टोकातून दूरचित्रवाणीची नियमित सेवा सुरू केली. उच्च दर्जाच्या चित्राची अशी नियमित सार्वजनिक सेवा जगात तोवर कुणी दिलेली नव्हती. जॉन बेअर्डच्या कंपनीची 240 रेषांची यंत्रणा आणि मार्कोनी-ईएमआयची 405 रेषांची यंत्रणा, दोघींना आलटून पालटून संधी दिली गेली आणि काही महिन्यांतच 405 रेषांची यंत्रणा सरस ठरली. मनोऱ्यावरचा तो लोखंडी सांगाडा तेव्हाचा. मुंबईत दूरदर्शन आलं 2 ऑक्टोबर 1972ला, म्हणजे 36 वर्षांनी. दुसरं महायुद्ध पेटायच्या बेतात असताना, 1 सप्टेंबर 1939ला प्रक्षेपण बंद झालं. मग त्याच मनोऱ्यावरून लहरी सोडून जर्मन बॉम्बफेकी विमानांना वाट दाखवणारे संदेश बिघडवण्याचं काम केलं गेलं. 7 जून 1946ला चित्रं पुन्हा सुरू झाली. आज जगभरची पोरं पडद्यावर डार्ट्स बघतात, त्या पडद्याची एक मोठी सुरुवात याच छपराखाली झाली आहे.

10 जुलै 1980. आत जॅझ संगीताचा महोत्सव चालू असताना पुन्हा आग लागली. तिचा कारभार हॅरिंगे नगरपालिकेकडे येऊन जेमतेम सहा महिने झाले होते. ग्रेट हॉल गेला, छप्पर गेलं, निम्म्याहून जास्त इमारत काळवंडली. सुदैवानं जुनं नाटकघर आणि बीबीसीचे स्टुडिओ वाचले. त्या वेळी तिला जमीनदोस्त करून मोकळं होणं सगळ्यात सोपं होतं. पण कायद्यानं हात बांधलेले होते, जागा लोकांची होती. आठ वर्षं घालवून 1988ला ती परत उघडली. या दुरुस्तीनं नगरपालिकेच्या डोक्यावर कोट्यवधी पौंडांचा बोजा चढला आणि त्यावरून तिथे वर्षानुवर्षं भांडणंही झाली. जागा राखायची तर पदरमोड करावी लागते, हे तिनं लपवलेलं नाही.

त्या बोज्यापायीच 2000 नंतरच्या काळात तिला एका खासगी कंपनीच्या हाती सव्वाशे वर्षांच्या भाडेपट्ट्यानं देण्याचं ठरलं. कागद तयार झाले, धर्मादाय आयोगानं मंजुरीही दिली. तेव्हा परिसरातला एक रहिवासी न्यायालयाची पायरी चढला. लोकांचं मत मागवता आणि पट्ट्यात नेमकं काय लिहिलं आहे ते मात्र लोकांना दाखवत नाही, मग ते मत कशाच्या आधारावर द्यायचं, असा त्याचा सरळ सवाल होता. ऑक्टोबर 2007मध्ये उच्च न्यायालयानं ती मंजुरी रद्द केली. सव्वाशे वर्षांचा करार एका माणसाच्या हरकतीनं अडला, कारण जागा लोकांसाठी राखलेली होती आणि लोकांना अंधारात ठेवून ती देता येत नव्हती.

आणि त्याच वर्षी डिसेंबरात तिच्याकडे डार्ट्स आलं.

डार्ट्सची कहाणीही जागेसाठी झगडण्याचीच आहे. 1970-80च्या दशकांत ब्रिटनमध्ये हा खेळ टीव्हीवर गाजला, मग वाहिन्यांनी पाठ फिरवली. बड्या खेळाडूंनी जुन्या संघटनेशी फारकत घेऊन आपली वेगळी चूल मांडली आणि 1994 साली एसेक्समधल्या पर्फ्लीट गावच्या सर्कस टॅव्हर्न नावाच्या नाइटक्लबात पहिली स्वतंत्र जागतिक स्पर्धा भरवली. डेनिस प्रिस्टलीनं ती जिंकली. छत बुटकं, जागा तोकडी, पण 2007पर्यंत खेळ तिथेच वाढला. जागा पुरेनाशी झाली तेव्हा अ‍ॅली पॅलीनं दार उघडलं. 1 जानेवारी 2008ला कॅनडाचा जॉन पार्ट तिथला पहिला विजेता ठरला.

तेव्हापासून तिच्या मंचावर काय काय घडलं! डिसेंबर 2019मध्ये फॅलन शेरॉक या तरुणीनं टेड एव्हेट्सला 3-2 हरवलं. जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत पुरुष खेळाडूला हरवणारी ती पहिली स्त्री. सोळा वेळा जगज्जेता झालेल्या फिल टेलरनं कारकिर्दीतला शेवटचा सामना 1 जानेवारी 2018ला इथेच खेळला, तोही अंतिम सामना. तो हरला रॉब क्रॉसकडून, जो काही काळापूर्वीपर्यंत वायरमनचं काम करत होता. टेलर स्वतः उमेदीच्या वयात कारखान्यात मजुरी करणारा. या खेळाला महागडी बॅट लागत नाही, हिरवळ लागत नाही, नऊ फुटांची जागा आणि एक भिंत पुरते. म्हणून कामकरी घरातली पोरं इथवर पोचतात. ल्यूक लिटलर जन्मला जानेवारी 2007मध्ये, म्हणजे डार्ट्स टेकडीवर आलं त्याच वर्षी. सोळाव्या वर्षी तो तिथे अंतिम सामन्यात हरला आणि 3 जानेवारी 2025ला, सतराव्या वर्षी, मायकेल व्हॅन गर्वेनला 7-3 हरवून सगळ्यात लहान जगज्जेता झाला.

स्पर्धेचा पैसा ती नुसता खर्चून टाकत नाही. तिच्या पोटात एक नाटकघर होतं, सुमारे ऐंशी वर्षं बंद पडलेलं. दोन्ही आगींच्या मधल्या काळातलं, धूळ खात पडलेलं. भिंतींचे पोपडे तसेच जपून, छत सावरून, डिसेंबर 2018मध्ये तिथे पुन्हा नाटकं सुरू झाली. उत्पन्न धर्मादाय न्यासाकडे जातं आणि इमारत, उद्यान यांच्यावर खर्च होतं. एका सभागृहातली गर्दी दुसऱ्या सभागृहाचं छप्पर सांभाळते, असा तिचा संसार आहे.

आमच्या भागात जमिनीचा इतिहास कुणाला शिकवावा लागत नाही. 1970 साली सिडको स्थापन झाली, ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतल्या 95 गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी घेण्याचं ठरलं. जासईचेच सुपुत्र, 13 जानेवारी 1926ला जन्मलेले दि. बा. पाटील, शेतकऱ्यांच्या बाजूनं उभे राहिले. 16 आणि 17 जानेवारी 1984ला जासई-दास्तान फाटा आणि नवघर-पागोटे परिसरात आंदोलन करणाऱ्या शेतकऱ्यांवर पोलिसांचा गोळीबार झाला, पाच शेतकरी हुतात्मे झाले. त्या रक्ताच्या मोलावर साडेबारा टक्के विकसित जमिनीचा हक्क मिळाला. 1989ला बंदर सुरू झालं, 2024ला अटल सेतू आला, आता विमानतळही आला.

या सगळ्यात एक गोष्ट कुणाच्या हिशेबात आली नाही. आमच्याकडे मैदान असं वेगळं नव्हतंच, शेत हेच मैदान होतं. भातकापणी झाली, खळं उरकलं की पोरं ढेकळं फोडून पीच करत. दिवाळीपासून पाऊस येईपर्यंत तिथे टेनिस बॉलचे सामने रंगत, कबड्डीची पाटी आखली जाई, लाऊडस्पीकरवर गावच्याच कुणाचं तरी समालोचन चाले. शेताला भाव मिळाला, मोबदल्याची गणितं झाली, पण त्याच शेतातलं सहा महिन्यांचं मैदान कुठल्याच कागदावर नव्हतं. म्हणून त्याचा मोबदलाही कुणी मागितला नाही. भराव पडले, कंटेनर यार्ड झाली आणि खेळ रस्त्याच्या कडेला, इमारतींच्या मधल्या बोळांत आला. सामने आजही होतात, चषक आजही ठेवले जातात. पण दरवर्षी आधी जागा शोधावी लागते, कुणाच्या तरी मोकळ्या प्लॉटवर मेहेरबानीनं खेळावं लागतं आणि पुढच्या वर्षी तिथे पाया खणलेला असतो.

अ‍ॅली पॅलीकडे पाहताना मला दिसतं ते हेच. ती सुंदर आहे, तिच्यापाशी पैसा येतो, तिच्या मंचावर जगज्जेते घडतात, पण ती टिकली याचं कारण यांतलं एकही नाही. पैसा तर तिच्यापाशी बहुतेक काळ नव्हताच. ती टिकली कारण सव्वाशे वर्षांपूर्वी काही माणसांनी जमिनीला भाव चढलेला असतानाच ठरवलं की ही जागा विकायची नाही आणि ते कायद्यात लिहून घेतलं. पुढे एका सामान्य रहिवाशाला न्यायालयात उभं राहायला त्या लिखाणाचाही आधार मिळाला. तिथे डार्ट्स खेळलं जातं की कुस्ती, हा पुढचा प्रश्न आहे.

आमच्या गावांची गावठाणं वाढवण्याची, घरं नियमित करण्याची मागणी वर्षानुवर्षं चालू आहे आणि ती रास्तच आहे. त्याच मागणीत प्रत्येक गावाला एक मैदान आणि चार भिंतींचं एक खेळघर ग्रामस्थांच्या नावानं, न विकण्याच्या अटीवर मिळावं, हे कलम आपण आग्रहानं घातलं पाहिजे. आराखड्यावरचं हिरवं आरक्षण पुरत नाही, आरक्षणं उठवलेली आपण पाहिली आहेत. ग्रामसभेचा ठराव हवा, सातबाऱ्यावर नोंद हवी आणि ती पुसायला निघालेल्याला अडवता येईल असा हक्क गावातल्या साध्यातल्या साध्या माणसाला हवा. घर, नोकरी, भूखंड यांसाठी ज्या गावांनी प्राण दिले, त्या गावांनी पोरांच्या खेळासाठी एवढं मागणं ही चैन नव्हे. जागा एकदा आपल्या नावावर झाली की तिथे काय खेळायचं ते पोरं स्वतः ठरवतील.